गॅसची गोळी आणि मेंदूचे तीन फोटो

रुग्ण स्त्री, वय ६२, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची. घरची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, शिवाय हंगामात दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं वेचणी. रक्तदाबाची एक गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू. मधुमेह नाही, तंबाखू-खर्रा नाही. ओपीडीच्या कागदावर तक्रार: हातपाय जड, चाल मंद, अंगात थरथर, तीन-चार महिन्यांपासून. सोबत जाडजूड फाइल. तीत मेंदूचा सीटी स्कॅन आणि एमआरआय, दोन्ही जवळपास निर्दोष. फाइल धरून उभा असलेला मुलगा म्हणाला, "साहेब, आता तो मोठा फोटो काढा लागते काय, पेट का काय म्हणतात तो? फोटोत काहीच येऊन नाही राहिलं, अन् मायचं तर रोज बिघडूनच राहिलं."

ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. प्रकरण लिहून ठेवायचं कारण मुलाचा तो प्रश्न. घरात होती नव्हती ती तूर विकून दोन फोटो झाले होते, तिसऱ्याची तयारी होती. कोणता फोटो कशाचं उत्तर देतो, हे मात्र त्याला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

काट्यावरचा पुरावा

हालचाल मंद कधीपासून झाली, हे रुग्णाला सहसा सांगता येत नाही. वय झालं, थकवा आला, असं म्हणत महिने निघून जातात. इथं मात्र लेखी पुरावा होता. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. रोज संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो आणि प्रत्येकीचं गाठोडं तोलून वहीत आकडा पडतो. काकू गावातल्या चांगल्या वेचणाऱ्यांपैकी. दसऱ्यानंतरच्या भर वेच्यात त्यांच्या नावापुढे चाळिशीच्या आसपास किलो लागत होते. दिवाळीनंतर तीस, मग वीस. संक्रांतीच्या आधी पंधराही भरेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच वावरात जाणं सोडलं. शेवटच्या वेच्याला बोंडंच कमी असतात हे खरं, पण सोबतच्या बायांचं वजन इतकं उतरलेलं नव्हतं. हालचालींच्या आजारात इतकी नेमकी नोंद शहरातल्या रुग्णाकडूनही मिळत नाही.

सुनेचं निरीक्षणही तितकंच कामाचं. "आत्याबाई हासतच नाही आता. आम्हाले वाटलं, रागावल्या." चेहऱ्यावरचे भाव गेले होते, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं होतं, भाकर थापताना हात मध्येच थांबायचा. शेजारणीनं करणीचं नाव काढलं, कुणी दोरा बांधला. त्यात फार दिवस गेले नाहीत, हे बरं झालं.

नंतरची वाट नेहमीचीच. एकदा अंगणात तोल जाऊन पडल्या, तेव्हा लकवा समजून सीटी झाला. त्यात काही निघालं नाही. पडल्या म्हणजे चक्कर असेल, म्हणून चकरेची गोळी सुरू झाली. तरी उतार नाही, म्हणून नागपूरला एमआरआय. मग पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, संशय धरून लेव्होडोपा-कार्बिडोपाची अर्धी गोळी दिवसातून तीनदा. महिनाभर घेतली. मळमळ वाढली, हात होते तसेच.

तपासताना

दारातून खुर्चीपर्यंत येतानाच बरंचसं दिसलं. पावलं आखूड, वळताना चार-पाच पावलं घेऊन वळणं, दोन्ही हात अंगाला चिकटलेले. मनगट धरून हलवलं तर दातेरी चाकासारखे अडखळते झटके. उजवी बाजू किंचित जास्त, पण फरक थोडा.

मग ड्रेसिंगच्या ट्रेमधले कापसाचे लहान लहान बोळे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "काकू, हे वेचून दाखवा." पहिले चार-पाच बोळे नीट उचलले; बोटं पूर्ण उघडून, चिमूट घट्ट धरून, त्याच सरावाच्या झटक्यानं. सहाव्या-सातव्याला बोटं कमी उघडली. दहाव्यापर्यंत अंगठा आणि तर्जनी जेमतेम विलग होत होती, आणि मग हात बोळ्यावरच थांबून राहिला. ताकद कमी असती तर पहिल्या बोळ्यापासूनच दिसलं असतं. इथं ताकद पूर्ण होती. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना आवाका आटत जात होता. पार्किन्सनसदृश आजाराची ही खूण. लकव्यात चित्र वेगळं असतं.

आणखी दोन गोष्टी लिहून घेतल्या. सून म्हणाली, फोडणी करपली तरी आत्याबाईंना दोन-तीन वर्षांपासून वास येत नाही. आणि बद्धकोष्ठ जुनं. त्या वेळी या दोन ओळी बाजूला राहिल्या. पुढे त्यांचं काम पडलं.

पिशवी

कोणती औषधं चालू आहेत, या प्रश्नाला उत्तर मिळालं: बीपीची, अन् ती हातासाठी नवीन दिलेली. गॅसची गोळी आपल्याकडे कुणी औषधात धरतच नाही. म्हणून घरातली सगळी पिशवी आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मुलगा एसटीनं ती घेऊन आला आणि टेबलावर उलटी केली. पाऊणएक डझन तुकडे. पट्ट्या कात्रीनं कापून दिलेल्या, त्यामुळे अर्ध्यांवर नावच नाही. एका तुकड्यावर मागच्या चांदीवर 'सल्पिराइड ७५' एवढंच शाबूत होतं. दुकानात फोन करून खात्री केली: आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल आणि लेवोसल्पिराइड यांची एकत्र कॅप्सूल. पोळ्याच्या सुमारास छातीत जळजळ होते म्हणून पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. आराम पडला, म्हणून त्याच चिठ्ठीवर महिन्यामागून महिना आणली जात होती. रोज सकाळी, उपाशीपोटी, एकही दिवस न चुकवता. चकरेची गोळी होती सिनारिझिन.

पोळ्याला कॅप्सूल सुरू, दिवाळीनंतर वजनात घट, संक्रांतीला काम बंद. एवढा हिशेब जुळल्यावर फाइलीतल्या दोन्ही फोटोंकडे पुन्हा बघायची फारशी गरज नव्हती.

पोटाची गोळी हाताला का लागते

डोपामिन हे पेशींना निरोप पोचवणारं द्रव्य. पेशीवर ते ज्या जागी बसतं, त्या जागा म्हणजे ग्राहक. लेवोसल्पिराइड त्यातले डी-२ नावाचे ग्राहक अडवतं. जठरात डोपामिन हालचाल मंदावतं. त्याला अडवलं की जठर लवकर रिकामं होतं, ढेकर-जळजळ कमी वाटते. पण तेच ग्राहक मेंदूच्या आत, स्ट्रायटम नावाच्या भागात, हालचालींची लय सांभाळतात. हेच औषध जास्त मात्रेत स्किझोफ्रेनियासाठी वापरलं जातं. म्हणजे मनोविकाराच्या औषधांचा जो सर्वांत परिचित दुष्परिणाम, तो पोटाच्या कॅप्सूलमधून घरात आला होता. सिनारिझिनलाही डी-२ अडवायची खोड आहे, तेव्हा दुसऱ्या गोळीनं पहिलीला हातभारच लावला. शिवाय लेवोसल्पिराइड बहुतांशी मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं काकूंचं क्रिएटिनिन थोडं वर होतं, म्हणजे औषध अंगात अपेक्षेपेक्षा जास्त काळ राहत असणार. वय, स्त्री असणं आणि मंद मूत्रपिंड, हे तिन्ही धोके एकाच ठिकाणी.

औषधानं असं होतं हे जुनंच ज्ञान आहे. किंबहुना डोपामिनचं महत्त्वच त्यातून कळलं. सर्पगंधेच्या मुळातून १९५२ साली रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं. पुढे स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग एल-डोपा, म्हणजे हेच लेव्होडोपा, टोचलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ चं काम. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविझ यांच्या गटानं पार्किन्सननं दगावलेल्यांच्या मेंदूत, त्याच स्ट्रायटममध्ये, डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. गंमत अशी की आपल्याकडच्या मुळीतल्या द्रव्यानं पार्किन्सनचं पहिलं रासायनिक सूत्र हाती दिलं, आणि आपल्याच ओपीडीत औषधानं होणारा पार्किन्सनिझम सर्रास निसटतो.

मुलाला समजावताना मी विहिरीचा दाखला दिला. पार्किन्सनमध्ये विहीरच आटत जाते, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. औषधानं होणाऱ्या त्रासात विहीर भरलेली असते, बोळा पाइपात अडकलेला असतो. लेव्होडोपा म्हणजे विहिरीत टँकर रिकामा करणं. पाइप बंद असेल तर वावर कोरडंच राहणार. महिनाभर गोळी घेऊन हातांत फरक का पडला नाही, हे त्याला लगेच कळलं. मळमळीचं कारणही सांगितलं: लेव्होडोपाचं काही डोपामिन मेंदूबाहेरच तयार होतं आणि उलटीचं केंद्र चाळवतं. त्या मळमळीवर कुणी डोमपेरिडोन दिलेलं होतं, ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून निभावलं. त्या जागी मेटोक्लोप्रामाइड दिलं असतं तर बोळ्यावर आणखी एक बोळा बसला असता.

झालेले दोन फोटो, न काढलेला एक

सीटी आणि एमआरआय वाया गेले, असं मात्र मी म्हणणार नाही. पडल्यावर केलेल्या सीटीनं रक्तस्राव नाही हे काही मिनिटांत सांगितलं. ते कळणं गरजेचंच होतं. एमआरआयनं जुने-नवे लकव्याचे डाग, गाठ, मेंदूतल्या पोकळ्यांत साठलेलं पाणी, हे सगळं नाही असं दाखवलं. यातल्या प्रत्येकानं चाल अशीच बिघडू शकते. रिपोर्टात होतं ते 'वयोमानानुसार बदल', आणि ते खरंही होतं. त्या बोगद्यात झोपवायच्या आधी काकूंच्या पायातली जोडवी काढायची होती; लग्नापासून न निघालेली, साबण लावून महत्प्रयासानं निघाली. त्या खटाटोपाची आठवण त्यांना रिपोर्टापेक्षा जास्त होती.

पण एमआरआय बघतो काय? दीड टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट, पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचे अणुकेंद्र एका दिशेला वळवतं. रेडिओ लहरींनी ते हलवून परत येतानाचा संकेत टिपला जातो. त्यातून रचना दिसते. ग्राहकावर बसलेलं औषध कुठलीच रचना बदलत नाही. ते पाण्याचं प्रमाण बदलत नाही, सूज आणत नाही, डाग पाडत नाही. ८० टक्के ग्राहक अडलेले असोत की एकही नसो, नेहमीच्या एमआरआयचा फोटो तसाच येणार.

ग्राहक किती अडलेत, हे खरोखर दाखवतो तो पेट. स्टॉकहोममध्ये लार्स फार्दे यांच्या गटानं १९८० च्या दशकात रॅक्लोप्राइड नावाच्या द्रव्याला किरणोत्सारी कार्बन-११ जोडून, औषध घेणाऱ्यांच्या मेंदूत डी-२ ची किती जागा मोकळी आहे ते मोजलं. पुढे टोरंटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली हॅलोपेरिडॉल या मनोविकाराच्या औषधावर छापलेल्या कामात पायऱ्या स्पष्ट झाल्या: साधारण ६५ टक्के ग्राहक अडले की मनोविकारावर गुण, ७२ टक्क्यांवर प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, ७८ टक्क्यांपुढे हालचालींचा त्रास. आपण ओपीडीत ज्या गोष्टीला मंदपणा म्हणतो, त्याच्या खालचा हा हिशेब.

मग काकूंचा तसा पेट का नको? कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं. ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात असावं लागतं, आणि ही तपासणी संशोधनातली आहे, रोजच्या रुग्णांसाठी नाही. मुलानं ऐकलेला पेट कर्करोगासाठी होतो. त्यात फ्लोरिन-१८ लावलेली साखर असते, आणि पेशी किती साखर खातात ते दिसतं. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा. त्याऐवजी साध्या रक्तातून प्रोलॅक्टिन मोजलं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत डोपामिन ते दाबून धरतं. डी-२ अडले की ते वर जातं. काकूंचं बरंच वर होतं. रोगनिदान त्यानं सिद्ध होत नाही, पण औषध अंगात जोरात काम करतंय याचा स्वस्तातला दाखला मिळाला.

लेवोसल्पिराइड आणि सिनारिझिन बंद केलं. लेव्होडोपाही थांबवलं, नाहीतर पुढे फरक पडला तर कशानं पडला हे कळलं नसतं. जळजळीसाठी काही आठवडे नुसतं पँटोप्राझोल, रात्रीचं जेवण लवकर, आणि उपाशीपोटी तीनदा होणारा काळा चहा बंद. अशा वेळी थरथर थांबवायला ट्रायहेक्सिफेनिडिल द्यायचा मोह होतो. या वयात त्यानं गोंधळलेपणा येतो, लघवी अडते, म्हणून टाळलं. एक सावधगिरी इथंच नोंदवतो: हीच औषधं मनोविकारासाठी चालू असतील तर ती अशी एकदम बंद करायची नसतात, लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय तर नाहीच.

घरच्यांना सांगितलं, आठ दिवसांत काही दिसणार नाही. कित्येक आठवडे जातील, कधी सहा महिनेही. हे आधी सांगितलं नसतं तर पंधराव्या दिवशी ते दुसरीकडे गेले असते, यात मला शंका नाही.

होळीनंतर आणि पुढचा पोळा

होळीनंतर आल्या तेव्हा सून आधी बोलली: "हासाले लागल्या आत्याबाई." चेहरा सैल झाला होता, आवाज उठला होता. अक्षय तृतीयेपर्यंत चाल जवळपास पूर्ववत. वळताना दोन पावलं पुरत होती. डाव्या मनगटातला अडखळ गेला. उजव्यातला उरला. बसल्या बसल्या उजव्या अंगठ्यात एक संथ थरथर दिसू लागली, पूर्वीच्या गडबडीत ती ओळखू आलेली नव्हती. बोळे वेचायला दिले तर डावा हात शेवटपर्यंत नीट, उजवा पंधराव्याला आटला.

इथं त्या बाजूला ठेवलेल्या दोन ओळी पुढे आल्या. वास जाणं आणि जुनं बद्धकोष्ठ या पार्किन्सनच्या, हालचाल बिघडायच्या कित्येक वर्षं आधीच्या खुणा असू शकतात. नुसत्या औषधानं होणाऱ्या त्रासात वास सहसा शाबूत असतो. पुढचा पोळा आला, औषध सुटून सहा महिने उलटले, उजवा हात तिथंच होता. आता तिसऱ्या फोटोला अर्थ होता, कारण आता एक नेमका प्रश्न होता: पाइप मोकळा झालाय, विहिरीत पाणी किती?

त्यासाठी ट्रोडॅट स्पेक्ट. टेक्नेशियम-९९एम जोडलेलं एक द्रव्य शिरेतून देतात. ते डोपामिन पेशींच्या टोकांवर असलेल्या, डोपामिन परत आत ओढणाऱ्या प्रथिनाला चिकटतं. पेशींची टोकं शाबूत तर तिथं चमक. टोकं गेली तर अंधार. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तास आणि ते मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून तिथंच काढता येतं, म्हणून पेटपेक्षा हे आवाक्यातलं. तरीही गामा कॅमेरा लागतो, तालुक्याला तो नाही. इंजेक्शननंतर तीन-चार तास थांबायचं, मग डोकं स्थिर ठेवून अर्धा-पाऊण तास. इथं चुंबक नाही, त्यामुळे जोडवी पायातच राहिली. काकूंना या तपासणीचं तेवढंच कौतुक.

निरोगी मेंदूत स्ट्रायटम या फोटोत दोन स्वल्पविरामांसारखं दिसतं. पार्किन्सनमध्ये आधी शेपटी, म्हणजे पुटामेनचा मागचा भाग, विझते आणि ठिपका उरतो. काकूंच्या उजव्या बाजूचा स्वल्पविराम पुरा होता. डाव्या बाजूची शेपटी फिकट. मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आजार आतल्या आत सुरू झालेला होता. हालचाली उघडपणे मंदावतात तोवर डोपामिनचा निम्म्याहून जास्त साठा सहसा गेलेला असतो, आणि काकू त्या रेषेच्या अलीकडे होत्या. कॅप्सूलनं त्यांना रेषेपलीकडे ढकललं, तेही दोन्ही हातांनी. हा फोटो जानेवारीत काढला असता तरी बहुधा असाच दिसला असता, कारण डी-२ अडवणाऱ्या औषधांनी ट्रोडॅट फारसं बदलत नाही. पण तेव्हा तो हातात पडता तर सगळा दोष पार्किन्सनवर गेला असता, कॅप्सूल चालूच राहिली असती आणि लेव्होडोपाची मात्रा वाढत गेली असती. तो नंतर काढला हे माझ्या मते बरोबर झालं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही; आधी काढून घ्यावा असं त्यांचं म्हणणं आहे, आणि घर शहरात असतं तर कदाचित मीही वाद घातला नसता.

लेव्होडोपा-कार्बिडोपाची तीच अर्धी गोळी, तीच तीनदा, पुन्हा सुरू केली. या वेळी तीन आठवड्यांत उजवा हात मोकळा झाला. औषध तेच, मात्रा तीच. ग्राहक मोकळे होते एवढाच फरक.

बीपीच्या कार्डावर आता मराठीत एक यादी चिकटवलेली आहे: लेवोसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल, ही देऊ नयेत, उलटीसाठी डोमपेरिडोन चालेल. एक प्रत गावाजवळच्या मेडिकलवाल्याकडे दिली. त्यानं ती गल्ल्यावर लावली, आणि पट्टी कापताना नावाचा भाग गिऱ्हाइकाकडे जाईल अशी कापायचं कबूल केलं. त्यानंच मुलाला सांगितलं, त्याच गावातले आणखी तिघं ती कॅप्सूल वर्षभर नेतात. त्यातल्या दोघांना आशाताईंनी पिशवीसकट ओपीडीला आणलं. एकाचा हात ठीक आहे. दुसऱ्या बाईंची पावलं आखूड झाली आहेत. त्यांची कॅप्सूल गेल्या मंगळवारी बंद केली आणि प्रोलॅक्टिनचं रक्त पाठवलं. एमआरआय अजून सांगितलेला नाही.